आमच्या घरातला उपवास

एस्तरबाईंनी चहाच्या कपावर हात पालथा घातला. कप अजून ट्रेमध्येच होता, ट्रे आईच्या हातात होता आणि आई त्यांच्यापुढं वाकून उभी होती.

"आज माझा उपवास हाय, रत्नाक्का," एस्तरबाई म्हणाल्या. "लेंट चाललंय न्हवं."

रत्नाक्का म्हणजे माझी आई. ती "व्हय व्हय" म्हणाली आणि ट्रे पुढच्या बाईपुढं धरला. तिचाही उपवास. तिच्या शेजारी एक काका बसले होते, ते निम्मं कानडी बोलायचे. "ब्याड, ब्याड," म्हणजे नको नको म्हणाले आणि वर बोट दाखवलं. म्हणजे देवासाठी उपवास. जाजमाच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत ट्रे फिरला आणि भरलेलाच आत गेला. आईनं एकेक कप परत पातेल्यात ओतला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नऊ-दहा वर्षांची असेन. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. वाटलं, काय भक्तीची माणसं आहेत ही! आणि आपल्या घरी आल्यावर तर ह्यांची भक्ती आणखीच वाढते. इतकी येडी होते मी.

लेंट म्हणजे काय, ते सांगते. उत्तम शुक्रवारी प्रभु येशूला क्रुसावर दिलं. त्याच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती माणसं दुखवट्यासारखे पाळतो. लग्न नाही, वाजंत्री नाही. कोणी मटण सोडतं, कोणी एका वेळचं जेवण. आमच्या निपाणीच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, त्या दिवसांत रोज संध्याकाळी एकेका घरात प्रार्थना असते. पाळी लागते. ज्याची पाळी त्यानं जाजम घालायचं. मग गायन, वचनाचं म्हणजे बायबलाचं वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी चहा. उपवास असला तरी चहा चालतो, हे मंडळीत जुन्या माणसांपासनं ठरलेलं आहे. चहा झाल्याशिवाय कोणी उठत नाही. हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची पाळी एस्तरबाईंच्या घरी होती. त्या शाळेत हेडबाई होत्या, मंडळीच्या पंचांत होत्या आणि रविवारी आम्हा पोरांना बायबलातल्या गोष्टी शिकवायच्या. चर्चच्या कंपाउंडात राहायच्या. कंपाउंडातली घरं जुन्या ख्रिस्ती लोकांची. त्यांचे पणजे गोऱ्या मिशनरीच्या वेळेला ख्रिस्ती झाले, आणि त्याआधी ते मोठ्या जातीचे होते. हे कोणी बोलून दाखवत नसे. विसरतही नसे. आम्ही मूळचे महार. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो उशिरा, आणि घेतला तो एवढ्यासाठी की तिकडं सगळे एका भाकरीतलं खातात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला भाकर एकच असते. फक्त ती पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या हातातनं मिळते, आमच्या नाही.

तर एस्तरबाईंच्या घरी प्रार्थना झाली आणि चहा आला. बरोबर शंकरपाळी. काल ज्यांचा ज्यांचा उपवास होता त्या सगळ्यांनी घेतला. कानडी काकांनी तर शंकरपाळी परत मागून घेतली. एस्तरबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. मी अगदी सरळ मनानं विचारलं, आणि मोठ्यानं विचारलं.

"बाई, तुमचा उपवास सुटला व्हय?"

आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. एस्तरबाईंनी बशी खाली ठेवली आणि हसल्या.

"उपवास आत्मिक असतो बाळ. पोटाचा नसतो."

मग सगळे हसले. किती छान बोलल्या बाई, असं कोणीतरी म्हणालं. आईसुद्धा हसली. बाकीच्यांचं मी विसरेन. आईचं ते हसू अजून सलतं.

घरी येताना मी विचारलं, "आये, मग आपल्याच घरात पोटाचा कसा हुतो गं?" घरी येऊन ती नळाखाली हात घासत बसली. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तो वास हाताला बसला की जात नाही. वासामुळंच आपला चहा घेत नाहीत, असं तिला वाटायचं. पुढच्या वर्षी आमची पाळी आली तेव्हा ती त्या दिवशी वखारीत गेलीच नाही. चिंचेनं हात घासले, मग राखेनं घासले. उपवास. मग कधीतरी संकेश्वरच्या बाजारातनं चिनी मातीचे कप आणले, निळ्या फुलांचे. त्यांना आम्हाला हात लावू द्यायची नाही. उपवास. मग म्हशीचं दूध नको, गाईचं आणलं. आलं घातलं. वेलदोडा घातला. एका वर्षी साखर वेगळी ठेवली, कोणाला डायबेटिस असेल म्हणून. ही एवढी शहाणी बाई, वखारीत पानाला नुसता हात लावून प्रत सांगणारी, तिला एक गोष्ट दिसत नव्हती. की दिसत होती आणि बघायची नव्हती?

प्रभूच्या दुःखावर मनन करायचे ते दिवस. आणि माझी आई त्या दिवसांत चहावर मनन करायची. ह्याचा मला लई राग आहे. त्यांनी तिचा चहा नाकारला, ते एक. पण वर्षामागनं वर्षं तिचं लेंटच हिरावून घेतलं, त्याचं काय?

शेजारी मंगलमावशी राहते. तिचं घर बौद्ध. प्रार्थना संपून माणसं गेली की ती ओट्यावर यायची. "गेली का गं तुमची देवमाणसं? आन हिकडं चहा. मला न्हाय बाई कसला उपवास." पातेल्यातला चहा परत तापवून आई तिला द्यायची.

"हसू नगं मंगल," आई म्हणायची.

"हसत न्हाय बाई. तुझा सासरा आमास्नी म्हनायचा, आमच्यात या, आमच्यात जात न्हाय. म्हनून दरसाल बघाय येते, गेली का काय जात."

मी आता बेळगावात एका दवाखान्यात नर्स आहे. वडगावात भाड्याच्या खोलीत राहते. खाली दिवसभर माग खडखडतात आणि वर मी नाइट ड्यूटी करून झोपते, सवय झालीय. बेळगावात राहून माझी भाषा सुधारली असं नातेवाईक म्हणतात. राग आला की ती परत निपाणीवर येते, हे त्यांना माहीत नाही.

मध्ये एकदा एस्तरबाईंचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं. शुद्धीवर आल्यावर पाण्याचा पहिला घोट त्यांना मी चमच्यानं पाजला. त्यांची कूस बदलली, अंग पुसलं. "देवानं तुझ्या हाताला गुण दिलाय गं," असं म्हणाल्या आणि रडल्या. खरंच रडल्या, नाटक नव्हतं ते. त्या वर्षीच्या लेंटमध्ये आमच्या घरी आल्या तेव्हा कपावर हात ठेवलाच. दवाखान्यातलं पाणी दवाखान्याचं होतं. आमच्या घरातलं आमचं.

यंदा मंडळीत नवे पाळकसाहेब आले. तरुण आहेत, चिकोडीकडनं बदलून आले. त्यांनी सांगितलं, या लेंटमध्ये आपण वचन वेगळ्या पद्धतीनं वाचू. लांब प्रवचन नको. एकच उतारा, सावकाश, तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा. दुसऱ्यांदा स्वतःला त्या गोष्टीत नेऊन उभं करायचं, आपण तिथं कोण आहोत ते बघायचं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर गप्प बसायचं आणि मग ज्यानं त्यानं मनाला लागलेलं एक वाक्य बोलायचं. "वचन डोक्यानं वाचू नका, आत्म्यानं वाचा," असं ते म्हणाले. मला हे मनापासून आवडलं. ड्यूटीवरनं आल्यावर मी खोलीत तसं वाचायला लागले. खाली माग, वर मी आणि एक उतारा. कितीतरी वर्षांनी वचन माझ्याशी बोलतंय असं वाटायला लागलं होतं.

आमच्या पाळीला मी रजा काढून निपाणीला आले. आईचे गुडघे गेलेत, पण कप तिनंच घासले. संध्याकाळी माणसं जमली. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बायबल दिलं. "तुमचा आवाज चांगला आहे, तुम्ही वाचा." उतारा होता विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा.

गोष्ट अशी. भर दुपार. येशू चालून चालून दमलाय, परक्या गावच्या विहिरीवर बसलाय. बरोबरची माणसं खायला आणायला गावात गेलीत. एक बाई घागर घेऊन येते. तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. बाई चपापते. तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, तुमची माणसं आमच्या भांड्याला शिवत नाहीत, आणि तुम्ही माझ्याकडं पाणी मागता? मग पुढं तो तिला जिवंत पाण्याबद्दल सांगतो, जे प्यालं की पुन्हा तहान लागत नाही.

ही गोष्ट मला एस्तरबाईंनीच शिकवली होती. त्यांच्या तोंडून ती नेहमी पाच नवरे केलेल्या बाईची गोष्ट असायची. पुढंही जेवढी प्रवचनं ऐकली, सगळी तिच्या नवऱ्यांवर. घागरीपाशी कोणी थांबलं नाही.

दुसऱ्यांदा वाचताना मी स्वतःला तिथं उभं करायला गेले आणि विहिरीवर मला आई दिसली. घासून लाल झालेले हात. आणि समोर तो. हा माणूस रानात चाळीस दिवस खरा उपाशी राहिलेला. उपवास हाय बाई, असं म्हणायचा हक्क जगात कोणाला असेल तर त्याला होता. तो तसं म्हणाला नाही. त्यानं पाणी मागितलं.

तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फाटला. लोकांना वाटलं, आत्म्यानं स्पर्श केला. "आमेन," एस्तरबाई म्हणाल्या.

मग एकेक जण बोलायला लागला. पहिल्या अर्थातच एस्तरबाई. "पाणी म्हणजे इथं पाणी नाही बरं का. भोळी माणसं तिथंच अडकतात. ती बाईसुद्धा अडकली होती. पाणी म्हणजे आत्मा. वचन आत्मिक अर्थानं घ्यायचं असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडं बघितलं तेव्हा मी म्हणाले, मी शेवटी बोलते.

तेवढ्यात आई ट्रे घेऊन आली.

एस्तरबाईंचा हात कपावर गेला. शेजारणीचा गेला. ट्रे पाळकसाहेबांपुढं आला. त्यांनी हात पुढं केला होता, मी बघितलं, बोटं कपाच्या कानापर्यंत गेली होती. मग त्यांनी एस्तरबाईंकडं बघितलं. एस्तरबाई मांडीवरच्या बायबलाकडं बघत होत्या. पाळकसाहेबांची बोटं मागं आली.

"माझाही... उपवास आहे, आक्का."

कालच कंपाउंडातल्या प्रार्थनेनंतर त्यांनी चहा-उपीट घेतलं होतं, आईनंच मला सांगितलं होतं. एस्तरबाईंचं जुनं होतं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत शिकला. आईच्या ट्रेवर, आमच्या जाजमावर बसून, एका नजरेत शिकला. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"माझं बोलायचं ऱ्हायलंय," मी उठून म्हणाले. "प्रभूनं आदी पानी मागितलं. आत्म्याचं मागनं सांगितलं. तहान लागल्ती त्याला. उनातनं आल्यावर लागती ती तहान. आनी मागितलं कुनाकडं? जिच्या भांड्याला त्याची मानसं शिवत न्हवती, तिच्याकडं."

"पोरी, वचनाचा असा अर्थ काढत नसतात," एस्तरबाई म्हणाल्या. "बस खाली."

"मग कसा काढत्यात बाई? तुमचा उपवास आमच्याच घरात कसा लागतो, ते सांगा आदी."

"आईच्या वयाची हाय मी तुझ्या."

"व्हय. आनी माझी आई तुमच्यापुढं वाकून हुबी हाय. बघा की तिच्याकडं एकदा."

"गप गं!" आई म्हणाली. "गप बस. पाया पडते तुझ्या."

मी तिच्या हातातनं ट्रे घेतला आणि जाजमाच्या मध्ये ठेवला.

"चहा घ्या, न्हायतर उठा. पर उपवास म्हनू नका. महाराच्या घरचं चालत न्हाय असं सरळ म्हना. तेवढं तरी खरं बोला लेंटमदी."

रस्त्यावरनं एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग कानडी काका उठले. मग बाकीचे. एस्तरबाईंना उठवेना, तेव्हा माझा हात सवयीनं पुढं गेला आणि त्यांनी तो धरला. धरून उठल्या, चपला घातल्या आणि मागं न बघता गेल्या.

सगळे गल्लीच्या टोकाला गेल्यावर पाळकसाहेब परत आले. ओट्यावर उभे राहिले, घामेजलेले. "आक्का, द्या. मी घेतो चहा." आत येऊन त्यांनी कप उचलला. मी तो त्यांच्या हातातनं काढून घेतला.

"आता नको, पाळकसाहेब. ते बसले हुते तवा प्यायचा हुता."

"मी नवीन आहे इथं. समजून घ्या."

"त्यो बी त्या गावात नवीनच हुता."

ते गेले. आईनं पातेलं उचललं आणि सगळा चहा मोरीत ओतला. मंगलमावशी दारात आली होती, तीही परत फिरली. मग आई माझ्यावर उलटली.

"घर तोडलंस माझं! तू जाशील बेळगावला. हितं मला कोन हाय? उद्या मेले तर मातीला कोन येनार? कबरस्तानात कोन नेनार मला? हीच मंडळी न्हवं? का तुजा दवाखाना येनार?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आईला चहाचं दुःख होतंच, पण भीती ह्याची होती. एवढी वर्षं तिनं ते हात घासले ते चार माणसांनी आपल्याला नीट माती द्यावी म्हणून. मला हे त्या दिवशी कळलं. रात्री ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

उत्तम शुक्रवारच्या आधी पाळकसाहेबांचा फोन आला. त्या दिवशी चर्चमध्ये येशूनं क्रुसावरनं काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. आमच्या मंडळीत ते सातही कायम कंपाउंडातले. पाळकसाहेब म्हणाले, पंचांशी बोललोय, या वर्षी पाचवा उद्गार तुम्ही घ्या. मला तहान लागली आहे, तो. वाद मिटवून टाकू या.

मोह झाला. खोटं कशाला बोलू? आजोबा शेवटच्या बाकावर बसून मेले. त्यांच्या नातीनं वर उभं राहून बोलायचं, आईनं खाली बसून ऐकायचं. क्षणभर डोळ्यांपुढं सगळं आलं.

"तहानेवर काय बोलू?" मी विचारलं. "त्या दिवशी बोलले तेच बोलू?"

"आत्मिक अर्थानं बोला. घरातलं कशाला चर्चमध्ये आणायचं?"

"मग नको," मी म्हणाले. "आधी आमच्या घरी येऊन सगळ्यांसमोर पाणी प्या. त्यानंतर बोलवा, मी येते."

त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

उत्तम शुक्रवारी आई पांढरं लुगडं नेसून एकटीच चर्चला गेली. मी रजेवर परत आले होते, पण मला चल म्हणाली नाही. मी घरी बसून प्रभूच्या दुःखसहनाचा सगळा उतारा मोठ्यानं वाचला, सावकाश, तीनदा. वचन मी सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. ते कंपाउंडाच्या मालकीचं नाही. मी वाचणार, आणि पाणी आहे तिथं पाणीच वाचणार.

उन्हं कलल्यावर आई आली. पायऱ्यांवर बसली, गुडघे चोळायला लागली.

"कोन बोललं न्हाय माझ्याशी," म्हणाली. "शेवटच्या बाकावर बसले हुते. एस्तरबाईनं बघून न बघितल्यासारखं केलं." मग माझ्याकडं वळली. "खरं सांग गं पोरी. मेल्यावर माझी पेटी कोन उचलनार?"

या वेळेला मला उत्तर होतं. इतके दिवस ते शोधत होते.

"आये, तुजी पेटी ह्याच घरातनं उठल. दारात घागर ठेवीन मी. जो पानी पिऊन आत येईल त्योच खांदा दील. एस्तरबाईचा ल्योक असू दे, न्हायतर पाळक असू दे. उपवास हाय म्हनणाऱ्याचा हात मी पेटीला लागू देनार न्हाय."

"आनी कोनच प्यालं न्हाय तर?"

"मंगलमावशीची पोरं हायती. मी हाय."

आईनं गुडघ्यांवर हात टेकले. मग उठून आत गेली. तिला पटलं असं मी म्हणत नाही. पटणारही नाही कदाचित. पण पेटीचं एक टोक माझ्या खांद्यावर असणार, आणि दुसरं कोणाच्या खांद्यावर द्यायचं ते मी ठरवणार.